प्रतिसाद: दोन बाजू आणि ‘कोणताही’ एक कोन पुरत नाही

वर म्हटलंय की दोन बाजू आणि कोणताही एक कोन समान असला की त्रिकोण एकरूप (आकार-मापानं तंतोतंत सारखे). नाही, बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीत कोन त्या दोन बाजूंच्या मधलाच लागतो. काढूनच बघा: ३०° चा कोन काढा, शिरोबिंदू प. एका भुजेवर प पासून ८ सेमीवर फ घ्या. फ केंद्र धरून ५ सेमी त्रिज्येचा कंस मारा. तो दुसऱ्या भुजेला दोनदा छेदतो, प पासून साधारण ३.९ आणि ९.९ सेमीवर. मोजमापं तीच, त्रिकोण मात्र दोन. फ पासून त्या भुजेचं लंबांतर ४ सेमी आहे. त्रिज्या ४ आणि ८ च्या मध्ये असेपर्यंत हा घोळ राहणार. बरोबर ४ घेतली तर कंस नुसता टेकतो, ८ किंवा जास्त घेतली तर एकच त्रिकोण मिळतो. कर्णभुजा कसोटी (काटकोन त्रिकोणांत कर्ण आणि एक बाजू समान) चालते ती याचमुळे: काटकोनासमोरची बाजू सगळ्यांत मोठी असते.

बाबाबा (तिन्ही बाजू) आणि कोबाकोत (दोन कोन आणि मधली बाजू) फारसं फसायला होत नाही. कोकोबात (दोन कोन आणि मधली नसलेली बाजू) होतं: एकात ४०° समोरची बाजू ६ सेमी आणि दुसऱ्यात ६०° समोरची ६ सेमी असेल, तर तिन्ही कोन जुळूनही एकरूपता नाही. बाजू संगतच, म्हणजे समान कोनासमोरचीच हवी.

गंमत म्हणजे ८, १२, १८ आणि १२, १८, २७ या बाजूंच्या त्रिकोणांत तिन्ही कोन आणि दोन बाजू, असे पाच घटक समान आहेत. तरीही ते फक्त समरूप (आकार तोच, माप वेगळं).