मदत हवी आहे : सायलोच्या तळाचा दाब आपोआप उतरतो, भुकटी अडते आणि मग एकदम सुटते

उतरंड :
नमस्कार. उद्या टाकी (सायलो) पुन्हा भरायची असल्यामुळे उत्तर आजच मिळाले तर फार बरे होईल. टाकी उभी, पोलादी, १ मीटर व्यासाची असून तिच्या सरळ भागात ४ मीटर भुकटी भरतो आणि त्याखाली शंकू आहे. सरळ भाग संपतो तेथे मध्यभागी दाबमापक बसवला आहे. घनता ६०० किलो प्रति घनमीटर धरली तर तेथे सुमारे २३.५ किलोपास्कल दाब दिसायला हवा. भरून होताच १८ दिसतो आणि तासाभरात ८-९ वर येतो. तोवर एक कणही बाहेर गेलेला नसतो. मापक दोनदा बदलून झाला. शिवाय सकाळी खालची सरकझडप उघडली तर काहीच पडत नाही, आणि हातोडा मारत राहिले की अचानक भुकटी पाण्यासारखी सुटते व झडप बंद करेपर्यंत खालची पेटी ओसंडते. मापक कोणता घ्यावा?

घर्षण :
कण किती बारीक आहेत? खालचे तोंड केवढे आहे? शंकूचा उतार किती? आणि टाकी भरता कशी? यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

अनुभवी_यंत्री :
शंकूला व्हायब्रेटर लावा. मी तीन टाक्यांना लावले आणि तिन्ही ठिकाणी काम झाले.

घर्षण :
आपल्या टाक्यांत दाणेदार माल असेल तर ते पटते. बारीक भुकटीत मात्र झडप बंद असताना कंपने दिली तर ती आणखी घट्ट बसते आणि तोंडावर कण एकमेकांत अडकून बनलेली कमान पक्की होते. लावायचाच असेल तर माल वाहत असतानाच चालू राहील अशी जोडणी हवी.

उतरंड :
सरासरी कण १० मायक्रॉन. तोंड १५० मिलिमीटर. शंकूची भिंत उभ्या रेषेपासून ४० अंश. भरतो ब्लोअरने, नळीतून, पण त्याचा दाबाशी काय संबंध? टाकीच्या चारही पायांखालचे लोडसेल पूर्ण वेळ तेवढेच वजन दाखवतात.

घर्षण :
संबंध आहे, आणि लोडसेलचे वाक्य आपण पहिल्याच वेळी लिहिले असते तर दुसरा मापक विकत घ्यावा लागला नसता. नळीतून आलेल्या भुकटीत हवा मिसळलेली असते, कण एकमेकांवर नीट टेकलेले नसतात, म्हणून ती काही काळ द्रवासारखी वागते आणि तळावर जवळजवळ पूर्ण खोलीचा भार येतो. हवा जसजशी निघून जाते तसतसे कण एकमेकांना व भिंतीला भिडतात आणि घर्षणामुळे भाराचा मोठा हिस्सा भिंत उचलून धरते. एकूण वजन तेच राहते. मापकावरचा भार भिंतींवरून पायांकडे जातो.

जान्सन या जर्मन अभियंत्याने १८९५ मध्ये धान्याच्या कोठ्यांसाठी मांडलेले सूत्र हेच सांगते : खोली वाढत गेली तरी दाब एका मर्यादेपाशी थबकतो. भिंतीच्या घर्षणाचा गुणांक ०.४ आणि आडव्या व उभ्या दाबांचे गुणोत्तरही ०.४ धरले, तर आपल्या टाकीत ती मर्यादा सुमारे ९.२ आणि ४ मीटरवरचा दाब सुमारे ८.५ किलोपास्कल येतो. आपला मापक खरे बोलतो आहे.

चाळणी :
प्रवाहाचे म्हणाल तर १९६१ चे बेव्हर्लू यांचे सूत्र वापरा. प्रवाह तोंडाच्या व्यासाच्या अडीचाव्या घाताने वाढतो, त्यामुळे तोंड थोडे मोठे केले तरी पुष्कळ फरक पडेल.

घर्षण :
हे सूत्र मोकळ्या, भरड कणांसाठी आहे. कण लहान होत जातो तसे त्याचे वजन व्यासाच्या घनाने घटते, पण चिकटण्याचे बल केवळ व्यासाच्या प्रमाणात घटते. म्हणून १० मायक्रॉनला चिकटपणाच वरचढ ठरतो. त्यात भुकटी खाली सरकताना सैल होते व तिच्या पोकळ्यांत हवा खालून वर ओढली जाते, आणि ती हवाही प्रवाह अडवते.

चाळणी :
मान्य आहे. मग भुकटीत हवा सोडून ती सैल करणाऱ्या जाळ्या शंकूत बसवाव्यात.

घर्षण :
गेल्डार्ट यांच्या १९७३ च्या भुकट्यांच्या वर्गीकरणात अशी भुकटी बहुधा ‘सी’ (C) गटात, म्हणजे चिकट गटात, पडते. तिच्यात हवा एकसारखी पसरत नाही, भेगा पाडून निघून जाते. उतरंड, झडप उघडल्यावर काही पडत नाही तेव्हा आपण वरून टॉर्च टाकून पाहिले आहे का?

सुरक्षा_आधी :
टाकी व नळी यांना अर्थिंग आहे का? भुकटी ज्वलनशील असेल तर हातोड्याने उडालेला धुरळा स्फोटाला पुरेसा ठरू शकतो.

उतरंड :
भुकटी खनिज आहे, जळत नाही; अर्थिंगही आहे. आत्ताच टॉर्च टाकून पाहिले. मधोमध तोंडाएवढ्याच रुंदीची विहीर पडली आहे आणि तिच्या भिंती पार वरपर्यंत ताठ उभ्या आहेत. नमुन्यात बोट खुपसले तर बोटाचे भोक तसेच राहते.

घर्षण :
म्हणजे निदान झाले. फक्त मधला माल वाहतो, कडेचा दिवसेंदिवस जागीच बसून राहतो. हातोड्याने विहिरीची भिंत ढासळते, पडताना तिच्यात हवा भरते आणि ती पाण्यासारखी सुटते. हातोडा ताबडतोब थांबवा; पत्र्याला पडलेले पोचे प्रवाह आणखी अडवतात. जेनिके यांनी १९६४ मध्ये मांडलेली पद्धत अशी : कातरपेटीत (भुकटीचा थर आडवा सरकवून पाहण्याच्या उपकरणात) भुकटीची ताकद व पत्र्यावरचे घर्षण मोजायचे आणि त्यावरून उतार व तोंड ठरवायचे. कडेच्या मालासकट सगळा माल सरकायला अशा भुकटीला बहुधा उभ्या रेषेपासून २० अंशांच्या आतला उतार लागतो. मात्र सगळा माल एकदम सरकू लागला की सरळ भाग व शंकू यांच्या सांध्यावर भिंतीचा दाब स्थिर अवस्थेपेक्षा बराच वाढतो, म्हणून पत्र्याची जाडी आधी तपासून घ्या.

उतरंड :
उद्या काय करू?

घर्षण :
निम्मीच भरा. हवा निघेपर्यंत, म्हणजे आकडा स्थिरावेपर्यंत, झडप उघडू नका. नंतर दर काही तासांनी थोडा माल काढत राहा, रात्रभर दाबून बसू देऊ नका. चाचणीला भुकटीबरोबर टाकीच्याच पत्र्याचा वापरून झिजलेला तुकडा पाठवा. नव्या चकचकीत पत्र्यावर घर्षण वेगळे येईल.