मदत हवी आहे: विंडोजवरून लिनक्सकडे वळताना आधी आरएचसीएसए (रेड हॅट कंपनीचे लिनक्स प्रशासनाचे प्रमाणपत्र) करावे का?
गेली सहा वर्षे मी विंडोज सर्व्हर आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (कार्यालयातील वापरकर्त्यांची खाती ठेवणारी विंडोजची व्यवस्था) सांभाळत असून आता मला लिनक्स अ‍ॅडमिनच्या कामाकडे वळायचे आहे. घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर) रॉकी लिनक्स (रेड हॅटशी सुसंगत मोफत लिनक्स) टाकून एलव्हीएम (डिस्कची जागा विभागण्याची व्यवस्था) आणि सिस्टिमडीचा (सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) सराव केला आहे; अपाचे या वेब सर्व्हरचे फोल्डर बदलल्यावर येणारी ४०३ ची (प्रवेश नाकारल्याची) चूक फाइलच्या परवानग्यांत नसून एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेने फाइलला लावलेल्या लेबलात होती, हे कळायला मात्र दोन रात्री गेल्या (विंडोजची सवय, दुसरे काय!). आरएचसीएसएची परीक्षा प्रत्यक्ष यंत्रावर कामे करून द्यायची असते, हे ठाऊक आहे; परंतु शुल्क स्वतःच्या खिशातून भरायचे असून प्रमाणपत्राची मुदत तीनच वर्षांची आहे. सध्याच्या कार्यालयात लिनक्सचा एकही सर्व्हर नाही आणि नोकरी सोडणे शक्य नाही. अशा स्थितीत मुलाखत घेणारे घरच्या सरावाला अनुभव मानतात का, की प्रमाणपत्राशिवाय अर्ज पुढेच सरकत नाही?