कांद्यातलं क्वेर्सेटिन: तीन सॅम्पल, तीन वेगळी उत्तरं

प्रश्न: लाल कांद्यातलं क्वेर्सेटिन (वनस्पतींमधला एक फ्लेव्होनॉइड, म्हणजे फिनॉल गटातला पदार्थ) मोजायचं होतं. एकाच लॉटमधून तीन सॅम्पल केले, मिथेनॉलमध्ये काढले, फोलिन (फिनॉल मोजायला वापरतात ते, निळा रंग देणारं द्रावण) लावून ७६५ नॅनोमीटरच्या प्रकाशाला रीडिंग घेतलं. तुलनेसाठी केलेला गॅलिक ॲसिडचा कर्व्ह एकदम सरळ, पण सॅम्पलचे आकडे एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. पिपेट दोनदा तपासलं. वर ॲल्युमिनियम क्लोराइडने (ते फ्लेव्होनॉइडला धरून रंग देतं) फ्लेव्होनॉइड बघितले तर ते फारच कमी. वैताग आलाय, चुकतंय कुठे?

उत्तर १: पिपेट सोडा, सुरी बघा. कांदा चिरलात कसा? बाहेरच्या थरांत क्वेर्सेटिन जास्त असतं आणि गाभ्याकडे जाल तसं कमी होत जातं, त्यामुळे एका सॅम्पलमध्ये बाहेरचा भाग जास्त आला की झालं. उभ्या फोडी करा, देठापासून मुळापर्यंत, म्हणजे प्रत्येक फोडीत सगळे थर येतात. आणि वरचा सुका पापुद्रा सगळ्यांचा सारखाच काढा, त्यात तर क्वेर्सेटिन ठासून भरलेलं असतं, एक तुकडा राहिला तरी आकडा उडतो.

उत्तर २: फोलिन हे फक्त फिनॉल मोजत नाही हो, जे जे इलेक्ट्रॉन देतं त्या सगळ्याला निळं करतं, व्हिटॅमिन सी पण त्यात आलं. त्यामुळे त्या आकड्याला 'एकूण क्षपण क्षमता' म्हणा हवं तर, क्वेर्सेटिन म्हणू नका. डीपीपीएच (अँटिऑक्सिडंट मिळाले की फिका पडणारा जांभळा पदार्थ) केलंत तरी तेच, ५१७ ला जांभळा रंग किती उतरला एवढंच कळतं, कोणामुळे उतरला ते नाही.

उत्तर ३: ॲल्युमिनियम क्लोराइडचं कोडं सोपंय. कांद्यात क्वेर्सेटिन मोकळं फारसं नसतंच, साखर चिकटलेली असते, मुख्यतः रेणूतल्या ४' क्रमांकाच्या जागेवर किंवा ३ आणि ४' दोन्हीकडे. ॲल्युमिनियमला धरायला जे हायड्रॉक्सिल (ओएच गट) लागतात त्यातलेच काही अडकलेले, मग रंग पुरेसा कसा येणार? आणि तुमचा स्टँडर्ड मोकळ्या क्वेर्सेटिनचा असेल तर आकडा कमीच दिसणार. आम्ही ॲसिड घालून तापवतो, साखर सुटली की एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) ३७० नॅनोमीटरला बघतो.

प्रश्नकर्ता: अरे देवा, मी आडव्या चकत्या केल्या होत्या, आणि एका सॅम्पलमध्ये फक्त मधल्या! पापुद्र्याचं तर लक्षातच नव्हतं. स्टँडर्ड मोकळ्याचाच आहे. चिरल्यावर अर्धा तास तसंच ठेवलं होतं, त्याने पण फरक पडतो का?

उत्तर १: पडतो ना, चिरल्या चिरल्या एन्झाइम कामाला लागतात. लगेच लिक्विड नायट्रोजनमध्ये टाका, नाहीतर थेट गार मिथेनॉलमध्ये. आणि आकडा सुक्या वजनावर द्या.