डोकं गबाळं की पडदा लहान? व्हर्च्युअल डेस्कटॉपवरून भांडण

खतावणी:
'निवांत' यांनी काल लिहिलं की व्हर्च्युअल डेस्कटॉप (एकाच पडद्यावर कामानुसार वेगवेगळे डेस्कटॉप मांडून त्यांत ये-जा करणं) ही कचरा सतरंजीखाली ढकलायची सोय आहे, ज्यांना खिडक्या बंद करता येत नाहीत त्यांचं डोकंच गबाळं, उघड्या खिडक्यांमधून फिरवणारं ऑल्ट-टॅब असताना हवंय कशाला? वाचून डोकं फिरलं, म्हणून हा धागा.

मी ऑडिटच्या कामात आहे. सप्टेंबर आला की एका वेळी अनेक क्लायंट उघडे. प्रत्येकाची टॅली, एक्सेल, जीएसटी पोर्टल, बँकेची पीडीएफ. ऑल्ट-टॅब दाबलं की सगळी एक्सेल एकसारखी हिरवी! शिवाय त्यातला क्रम सतत बदलतो, शेवटची वापरलेली खिडकी पुढे येते. हाताला सवय लागणार कशी? डेस्कटॉप जागचे हलत नाहीत. पहिल्यावर कारखानदार, दुसऱ्यावर सोसायटी, तिसऱ्यावर मेल. सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला की विंडोज-कंट्रोल-बाण, विषय संपला. गबाळेपणा नाही हा, एका क्लायंटचा आकडा दुसऱ्याच्या ताळेबंदात जाऊ नये म्हणून घातलेलं कुंपण आहे.

निवांत:
विंडोजमध्ये हे खूळ २०१५ साली दहा नंबरच्या आवृत्तीबरोबर आलं. त्याआधी देशात ताळेबंद जुळत नव्हते वाटतं.

टर्मिनलकर:
खूळ? झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' या संशोधन केंद्रात १९८६ साली असंच 'रूम्स' होतं. तेव्हाही दुखणं हेच: पडदा लहान, खिडक्या जास्त, माणूस त्या सरकवण्यातच दमतो. लिनक्सवर आम्ही वर्षानुवर्षं वापरतोय. विंडोजने आणलं तेही अर्धवट. चालू खिडकी दुसऱ्या डेस्कटॉपवर धाडायला कीबोर्डचा साधा शॉर्टकट नाही, टास्क व्ह्यू (सगळे डेस्कटॉप आणि खिडक्या एकत्र दाखवणारा पडदा) उघडून माउसने ओढत बसा.

निवांत:
आले लिनक्सवाले. कोणत्याही धाग्यावर पाचव्या प्रतिसादाच्या आत हजर.

सफरचंदी:
@खतावणी, "जागचे हलत नाहीत" हे तुमच्याकडे. मॅकवर स्पेसेस, म्हणजे तिथले व्हर्च्युअल डेस्कटॉप, २००७ पासून आहेत, पण आताच्या मॅकवर मूळ सेटिंगमध्ये ते अलीकडच्या वापरानुसार आपोआप पुढेमागे होतात. सेटिंगमध्ये जाऊन बंद करावं लागतं. ते कळेपर्यंत मी वेडी व्हायची बाकी होते.

खिळेजुळारी:
तुम्ही सगळे एका वेळी एकच खिडकी बघणारे. संगणकावर पुस्तकांची पानं लावणाऱ्या आम्हा डीटीपीवाल्यांचं काय? लेखकाचा मजकूर युनिकोडमध्ये (अक्षरांच्या आजच्या प्रमाण संकेतात) मेलवर येतो, पानं लावायच्या जुन्या पेजमेकरला युनिकोड कळत नाही. मग जुन्या फॉन्टमध्ये बदलणारा कन्व्हर्टर. त्यातून काढलं की रफार भलत्याच अक्षरावर, ऱ्या गायब. मूळ मजकूर शेजारी ठेवूनच तपासावं लागतं. वेगळ्या डेस्कटॉपवर टाकला तर मान मोडेल.

टर्मिनलकर:
पेजमेकर?? शेवटची आवृत्ती २००१ सालची! अजून?

खिळेजुळारी:
हो, अजून. जुन्या पुस्तकांच्या फाइली त्यात आहेत. पुनर्मुद्रण निघालं की प्रकाशक सांगतो, दोन पानं बदला, उद्या प्लेट काढायचीय. तुम्ही येता का चारशे पानं नव्याने लावायला?

सफरचंदी:
पानं लावायच्या नव्या इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हे सेटिंग लावा, युनिकोड जोडाक्षरं नीट येतात.

खिळेजुळारी:
येतात हो. दर महिन्याचं भाडं तुम्ही भरा. आणि जुन्या फॉन्टसारखं वळणदार अक्षर युनिकोडमध्ये दाखवा एक.

टर्मिनलकर:
ढिगाने आहेत, फुकट आहेत. बघायचंच नाही त्याला काय करणार? तुमच्यासारख्यांमुळेच मराठीतली निम्मी पुस्तकं संगणकात असूनही शोधता येत नाहीत.

खिळेजुळारी:
तुमच्यासारख्यांमुळे! तोंड सांभाळून. ती पुस्तकं छापली कुणी? रात्र रात्र जागून आम्ही. तुम्ही फुकट पीडीएफ मागणारे.

खतावणी:
धागा खिडक्यांचा आहे हो. फॉन्टचं भांडण पलीकडे न्या.

कोकणकडा:
पलीकडच्या डेस्कटॉपवर ना? 😀 माझा अनुभव उलटा. घरून काम करताना ऑफिसचं चॅट दुसऱ्या डेस्कटॉपवर ठेवलं. टास्कबारवर दिसेना. साहेब दुपारभर "आहेस का?" विचारत होते. परत केलं नाही.

खतावणी:
टास्क व्ह्यूमध्ये त्या खिडकीवर राइट क्लिक करून 'सगळ्या डेस्कटॉपवर दाखवा' निवडायचं. एवढं तर बघा.

कोकणकडा:
एवढं शिकण्यापेक्षा दुसरा मॉनिटर घेतला. मान वळवली की दिसतं.

खतावणी:
क्लायंटच्या ऑफिसात मॉनिटर पाठीवर घेऊन जाऊ का? तिथे चौदा इंची लॅपटॉप आणि टेबलाचा कोपरा मिळतो. रीस्टार्टनंतर खिडक्या पुन्हा हाताने वाटून द्याव्या लागतात, हा त्रास आहे, नाही म्हणत नाही. तरीही.

निवांत:
बरं बाबा. तुमच्या चौदा इंचांसाठी मान्य. घरी मोठा पडदा असून चार डेस्कटॉप मांडणारे मात्र गबाळेच. आत्ता उत्सुकता म्हणून विंडोज-कंट्रोल-डी दाबलं तर सगळं कोरं झालंय. टॅक्सचं अर्धं भरलेलं पान कुठे गेलं?

खतावणी:
विंडोज-कंट्रोल-एफ४. कोरा डेस्कटॉप बंद होऊन जुन्यावर याल. पान जिथे होतं तिथेच आहे, सतरंजीखाली.