मदत हवी आहे: जुन्या चिरेखाणीवरची बांधकामं पाडण्याआधी काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यात खाडीच्या वरच्या अंगाला, सड्यावर म्हणजे कातळाच्या पठारावर आमची सामायिक जमीन आहे. तिच्यात एक जुनी चिरेखाण आहे, हाताने जांभ्या दगडाचे चिरे काढायच्या काळातली. माझ्या जन्माआधीच ती बंद पडली. आता खड्ड्यात पाणी साठतं आणि काठावर चार बांधकामं उभी आहेत. चुलतभावांना त्यांचे चिरे विकायचे आहेत, दिवाळीनंतर जेसीबी सांगून ठेवलाय. माझा जीव तुटतोय, पण "ठेवून करायचं काय?" असं ते विचारतात तेव्हा मला धड उत्तर देता येत नाही.

खाणीच्या तोंडाशी लोहारशाळा आहे. छप्पर गेलंय, तीन भिंती शाबूत. भट्टी जिथे होती तिथले चिरे भाजून विटेसारखे टणक झालेत. बाकीच्या भिंतीवर हात फिरवला की तांबडी माती लागते, तिथे लागत नाही. दाराशी काळ्या दगडाची एक पायरी आहे, तिच्यावर बोटभर खोल पन्हळी पडल्यात. टिकाव, पहारी, तासण्या घासून घासून पडलेल्या. पावसाळ्यात त्यांत पाणी राहतं आणि पाखरं ते प्यायला येतात.

थोडं पुढे चुन्याची भट्टी, गोल, आतून अजून पांढरी. तिच्याशेजारी चुना मळायची घाणी. गोल चर जागेवर आहे, दगडी चाक मात्र दहा पावलांवर गवतात आडवं पडलंय. मग दोन खोल्यांची कचेरी, अर्ध्या छपरावर मंगलोरी कौलं टिकून आहेत. मागच्या भिंतीत उंबर घुसलाय.

चौथं बांधकाम काय आहे ते मला कळलेलं नाही. कमरेइतका उंच, लांबट चौथरा. तीन बाजूंनी घडीव चिरे, चौथी बाजू खाणीकडून येणाऱ्या वाटेला सपाट मिळते. समोर कातळात दोन समांतर चाकोऱ्या. देवाचं काही असेल म्हणावं तर गावात तसं कोणी सांगत नाही.

आमची आते ऐंशीच्या पुढे आहे. ती एवढंच सांगते, "भट्टी पेटली की आठ दिस सड्यावर कोण ढोरं न्यायचं नाय." तिच्याकडून अजून काय काढून घेऊ? बांधकामांचं वय कसं ठरवायचं? उंबराचं काय करू? आणि भावांना थांबवायचा काही सरळ मार्ग आहे का? भांडण नकोय मला.

प्रतिसाद: खाडीपलीकडचा

दादा, तो चौथरा म्हणजे माल भरायचा धक्का. बैलगाडी मागे मागे आणून लावायची, गाडीचा साटा, म्हणजे माल ठेवायचा तळ, धक्क्याच्या पातळीत येतो, म्हणजे चिरा उचलून वर चढवावा लागत नाही, नुसता सरकवायचा. चाकोऱ्या गाडीच्या धावांनीच पडल्यात. त्या कुठवर जातात ते चालत बघा. खाडीकडे उतरत असतील तर खाली मचवे (मालाच्या होड्या) लागायची जागा सापडेल, तिथेही असाच धक्का असण्याची शक्यता आहे. आणि भट्टीत भाजून चुना करायला कालवांची शिंपं त्याच वाटेने वर आली असतील.

आतेला "सांग" म्हणून काही निघत नाही. तिला एकदा तिथे नेऊन बसवा.

प्रतिसाद: कौलारू

वयासाठी आधी एक कौल उतरवून पालथं करा. मंगलोरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव आणि गाव उठवलेलं असतं. मंगळुरात बासेल मिशन या मिशनऱ्यांच्या संस्थेने असा पहिला कारखाना १८६५ साली काढला, तेव्हा त्याआधीचं ते कौल असू शकत नाही. पण वय कौलाचं कळतं, भिंतीचं नाही. आधी नळीची कौलं असतील आणि मागून बदलली असतील.

उंबर ओढू नका. मुळांबरोबर अर्धी भिंत येईल. खोड भिंतीलगत कापा, नवी पालवी येईल ती दर वेळी खुडत राहा, मुळं आतच सुकू द्या. दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांच्या फटी, भरायच्या तर चुन्यातच. जांभा पाणी पितो आणि सोडतो. सिमेंटने वाट बंद झाली की पाणी आत कोंडतं आणि चिऱ्याचा दर्शनी भाग पापुद्र्यांनी सुटतो. आमच्या घराच्या जोत्याची अशी वाट लागलेली मी रोज बघतो, म्हणून कळवळून सांगतोय.

प्रतिसाद: परमुलखातला

वेल्समध्ये लानबेरिसला स्लेटची खाण बघितली होती. स्लेट म्हणजे आपल्या शाळेतल्या पाटीचा दगड. तिथे तो छपरांना वापरायचे. डिनॉर्विक नावाची ती प्रचंड खाण १९६९ साली बंद पडली. पण १८७० मध्ये बांधलेल्या तिच्या कार्यशाळा मोडीत निघाल्या नाहीत, १९७२ साली तिथेच संग्रहालय झालं. लोहारकाम, ओतकाम, पन्नास फुटांहून मोठ्या व्यासाचं पाणचाक, सगळं जागच्या जागी. २०२१ मध्ये तो सगळा स्लेटचा मुलूख जागतिक वारसा यादीत गेला.

तुमच्याकडचं छोटं आहे, पण साखळी पुरी आहे: खाण, हत्यारांना धार लावायची जागा, चुना, हिशेब, धक्का, वाट. भावांना हेच दाखवा. एकेक बांधकाम नुसतं पडीक दिसतं, चारही ओळीने चालत दाखवली की आजोबांच्या वेळचा एक दिवस डोळ्यांपुढे येतो.

प्रतिसाद: खाडीपलीकडचा

कागदाचं राहिलं. सातबारा सामायिक असेल आणि वाटप झालेलं नसेल तर एकाने परस्पर पाडापाडी करू नये, राजापुरात वकिलाला विचारून घ्या. घेणाऱ्याच्या मनात खाण पुन्हा चालू करायचं असेल तर जांभा गौण खनिज आहे, परवानगी आणि स्वामित्वधन (सरकारला भरायची रक्कम) दोन्ही लागतं. आणि आजूबाजूचा कातळ उन्हं कलती असताना नीट बघा. बारसू, देवाचे गोठणे, तुमच्याच तालुक्यात कातळशिल्पं आहेत, म्हणजे कातळावर कोरलेली जुनी चित्रं. एखादी रेघ दिसली तर हात न लावता रत्नागिरीच्या पुरातत्त्व कार्यालयाला कळवा.

मूळ लेखक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आतेला खुर्चीत बसवून धक्क्यापर्यंत नेलं. बघितल्याबरोबर म्हणाली, "हितं माझा बापूस पाट्या मोजायला बसायचा." माझे आजोबा खाणीवर होते हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं! धाकटा चुलतभाऊ बरोबर होता. तो काही बोलला नाही, पण घरी आल्यावर जेसीबीवाल्याला फोन करून तारीख पुढे ढकलली.

चाकोऱ्या करवंदीच्या जाळीपर्यंत सापडल्या, पुढे वाट साफ करावी लागेल. आता एकच विचारतो. घाणीचं ते चाक चौघं मिळून उचलून चरात परत ठेवावं, की आहे तिथेच राहू द्यावं?

प्रतिसाद: कौलारू

आधी आहे तिथे सगळ्या बाजूंनी फोटो आणि मापं घ्या, व्यास, जाडी, मधल्या भोकाचा आकार. चराच्या रुंदीत ते बसतंय का ते मापावरून बघा. उचलायची घाई नको, गवत तेवढं काढा.