‘ट्रेन ऑफ थॉट’ म्हणजे विचारसरणी नव्हे का?

शाईचा_डाग:
एका मृत्युलेखाचा इंग्रजी अनुवाद करतेय. मूळ वाक्य साधं आहे: ‘सरांची विचारसरणी शेवटपर्यंत बदलली नाही.’ मी लिहिलं, ‘सर्स ट्रेन ऑफ थॉट नेव्हर चेंज्ड टिल द एंड.’ संपादकांनी समासात एवढंच खरडलं: ‘म्हणजे बिचारे मरेपर्यंत एकाच गोष्टीचा विचार करत बसले होते?’

टोमणा कळला, चूक नाही कळली. थॉट म्हणजे विचार, ट्रेन म्हणजे मालिका. मग बिघडलं कुठे? शिवाय ‘लाइन ऑफ थिंकिंग’ हाही प्रयोग वाचलाय, तो चालेल का?

जुना_शब्दकोश:
संपादकांचं बरोबर आहे, आणि शेरा झकास आहे.

तुम्ही काहीतरी रंगात येऊन सांगताय, तेवढ्यात दाराची घंटा वाजते. परत येऊन बसता आणि म्हणता, ‘काय बरं सांगत होते मी?’ इंग्रजीत तिथे म्हणतात, ‘आय लॉस्ट माय ट्रेन ऑफ थॉट.’ त्या घटकेला डोक्यात एकामागून एक चाललेले विचार, एवढाच त्याचा जीव. ती हरवते, तुटते, कुणी मध्ये बोललं की विस्कटते. विचारसरणी काही घंटा वाजली म्हणून हरवत नाही. (काहींची हरवते, पण तो विषय वेगळा.)

तुमच्या वाक्यात ‘वे ऑफ थिंकिंग’ हवं. गंमत म्हणजे संस्कृतात ‘सरणी’ म्हणजे वाटच, तेव्हा शब्दाला शब्दही जुळतो. सर एखाद्या पक्षाचे कट्टर असतील तर ‘आयडिऑलॉजी’.

‘लाइन ऑफ थिंकिंग’ या दोन्हींच्या मधलं. एखाद्या प्रश्नावर माणूस कोणत्या दिशेने युक्तिवाद करतोय, ते. ‘आय डोन्ट अग्री विथ धिस लाइन ऑफ थिंकिंग’ म्हटलं तर मतभेद त्या युक्तिवादाशी, माणसाच्या अख्ख्या डोक्याशी नाही. म्हणून चर्चेत सोयीचं. मृत्युलेखात नको.

रूळ_सोडून:
पण विचारांना आगगाडीच का? माझे विचार तर वेळापत्रक पाळत नाहीत आणि मधल्याच स्टेशनात उतरून जातात.

जुना_शब्दकोश:
आगगाडीचा संबंधच नाही. इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जने १६५१ साली ‘ट्रेन ऑफ थॉट्स’ लिहिलंय. वाफेच्या इंजिनाची पहिली सार्वजनिक रेल्वे इंग्लंडात धावली १८२५ मध्ये. ‘ट्रेन’ म्हणजे मुळात मागून ओढत येणारं काहीतरी: झग्याचा जमिनीवर लोळणारा घोळ, राजामागून चालणारा लवाजमा. रेल्वेने तो शब्द नंतर उचलला.

हॉब्जने दिलेला दाखला मला फार आवडतो. इंग्लंडातल्या यादवी युद्धावर गप्पा चालल्या होत्या आणि एकाने मध्येच विचारलं, रोमन नाण्याची किंमत काय असायची? ऐकणाऱ्याला वाटावं, हा भरकटला. पण दुवे जुळतात: युद्धावरून राजाला शत्रूच्या हवाली केल्याची आठवण, त्यावरून ख्रिस्ताला धरून दिल्याची, त्यावरून त्या फितुरीबद्दल मिळालेल्या तीस नाण्यांची, आणि मग नाण्याच्या किमतीची. हॉब्ज म्हणतो, हे सगळं क्षणात घडतं, कारण विचार चपळ असतो. ही खरी ट्रेन ऑफ थॉट. त्यातून त्या माणसाची विचारसरणी काय होती, हे मात्र अजिबात कळत नाही!

रूळ_सोडून:
मग मराठीत हिला काय म्हणायचं? ‘विचारशृंखला’ म्हटलं की मला हातकड्या दिसतात.

जुना_शब्दकोश:
लिहिताना ‘विचारांची साखळी’ चालेल. बोलताना एक नाम धरून बसू नका. ‘तंद्री मोडली’, ‘दुवा निसटला’, ‘बोलण्याचा धागा तुटला’, जिथे जे बसेल ते.

शाईचा_डाग:
आभार. ‘सर्स वे ऑफ थिंकिंग’ असं करून पाठवलं. लगेच नवा शेरा आला: ‘विचार सुटला. आता ते “सर्स” काढा, इंग्रजी वाचकाला वाटेल कुणी सरदार वारले.’