मदत हवी आहे : 'जो मिलर्स जेस्ट्स'ची 1739 ची मूळ प्रत

लंडनमध्ये 1739 साली निघालेल्या 'जो मिलर्स जेस्ट्स' या विनोदसंग्रहातल्या निवडक विनोदांचा मराठी अनुवाद करतोय. लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहाचा नट जो मिलर 1738 मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या नावावर हे पुस्तक आलं. जमवाजमव खरं तर जॉन मॉटलीची. पहिल्या आवृत्तीत 247 विनोद होते. पुढच्या आवृत्त्यांत भर पडत गेली, ती हजाराच्या वर. माझं घोडं इथेच अडलंय.

माझ्याकडची स्कॅन प्रत एकोणिसाव्या शतकातली आहे. त्यातले मूळचे कोणते, मागाहून घातलेले कोणते, कळत नाही. इंटरनेट आर्काइव्ह आणि गुगल बुक्स धुंडाळून झालं. जुन्या छपाईतला लांब 'एस' 'एफ'सारखा दिसतो आणि मशीन तो 'एफ' वाचतं, म्हणून 'जेस्ट'ऐवजी 'जेफ्ट' असाही शोध घेतला. अठराव्या शतकातल्या पुस्तकांचा सशुल्क डेटाबेस परवडणारा नाही आणि कुठल्या विद्यापीठाचं लॉगिनही नाही. वाचनीय संकलन नको, क्रमांकासकट मूळ पानंच हवीत.

दुसरी अडचण नावांची. पहिल्याच विनोदात त्या काळचा नट-नाटककार कॉली सिबर याला टोला हाणणाऱ्या ड्यूकचं नाव 'ए—ल' असं मधली अक्षरं गाळून छापलंय. ती रेघ मला फार मोलाची वाटते, कारण वाचकानं नाव ओळखण्यातच अर्धी गंमत आहे. पण मराठी वाचक ते कसं ओळखणार?

तर, 1739 च्या पहिल्या आवृत्तीची पानं मोफत कुठे बघायला मिळतील? आणि अशी नावं अनुवादात पूर्ण लिहावीत, की रेघ तशीच ठेवून तळटीप द्यावी?